सालदाराच्या चुलीवरचा उंदीर

"गहू निघाल्यावर आमच्या सालदाराच्या घरच्यांनी बिळं खणून उंदीर धरले, तिथेच बांधावर भाजले आणि खाल्ले. माझा आठ वर्षांचा मुलगा त्यांच्या पोरांबरोबर होता, त्यानेही खाल्ला. घरात नुसता गोंधळ. त्याला काही होईल का? या लोकांना हे बंद करायला सांगावं का? ते कधीमधी ससा, घोरपडही आणतात. आणि मोबाईलवर तर वाचतो की उंदीर आणि किडे हेच उद्याचं शाश्वत अन्न. यात खरं काय?" शिरपूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा हा प्रश्न आहे.

भाऊ, आधी पोराचं बोलू. बाकीचं सावकाश.

गोष्ट बारा दिवसांपूर्वीची आहे आणि पोरगं खातं-पितं, खेळतं आहे, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे मोठी भीती, उंदीर मारायच्या विषाची, टळली. झिंक फॉस्फाईडचा त्रास व्हायचा असता तर तो काही तासांतच दिसला असता: उलट्या, पोटात आग, धाप. ब्रोमॅडिओलोन हे दुसरं विष पोटात गेलं असतं तर तीन-चार दिवसांनी हिरड्यांतून, नाकातून रक्त आलं असतं किंवा अंगावर काळेनिळे डाग उठले असते. यातलं काही झालेलं नाही. आता एवढंच करा: एकूण महिनाभर त्याच्याकडे लक्ष ठेवा. थंडी वाजून ताप आला, डोळे लाल झाले, पोटऱ्या ठणकल्या किंवा अंगावर कुठे विस्तवाने डागल्यासारखी काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, "याने उंदीर हाताळला होता." लाजू नका. लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस वेळेत ओळखले तर साध्या औषधाने बरे होतात. उशीर का होतो, तर घरचे उंदराचं नावच काढत नाहीत.

आणि खाल्ल्यापेक्षा हाताळण्याची काळजी जास्त करा. विस्तवावर नीट भाजलेल्या मांसात हे जंतू जगत नाहीत. लेप्टोचे शिरतात ते कच्चा उंदीर सोलताना, हाताला चीर असेल तर, किंवा बिळाच्या ओल्या मातीत उघड्या पायांनी उभं राहिल्याने; स्क्रब टायफसचे उंदरावरच्या आणि बांधाच्या गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून. तुमचा मुलगा सोलायला बसला होता की नुसता खायला, हे त्याला विचारा. मारू नका, नाहीतर खरं सांगणार नाही.

मी पशुवैद्यक. तळोदा, अक्राणी, शहादा आणि शेवटी तुमचंच शिरपूर, अशी २९ वर्षं सरकारी दवाखान्यात काढली. गुरं तपासायला पाड्यावर जायचं म्हणजे चुलीवर काय शिजतंय ते दिसणारच. पहिली दोन-तीन वर्षं मीही नाक मुरडलं. मग एका वर्षी शहाद्याकडे एका शिवारात उंदीर धरताना नीट पाहिलं आणि माझं मत बदललं. ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे.

चौघं होते. एक म्हातारा भिल्ल, त्याला सगळे आबा म्हणत, त्याचे दोन मुलगे आणि एक नातू. आदल्या संध्याकाळी आबाने बांधावरची सगळी बिळं चिखलाने बुजवून ठेवली होती. सकाळी जी उकरलेली दिसली तेवढीच जिती. बाकीच्यांवर कुदळ मारायचीच नाही. (कृषी खात्याच्या उंदीर मोहिमेतही जिती बिळं अशीच मोजायला सांगतात. आबा काही पुस्तक वाचून शिकलेला नव्हता.) तोंडाशी भुसभुशीत ताज्या मातीचा ढीग असला की आत घुशीच्या जातीचा काळपट उंदीर, शास्त्रात त्याला बँडिकोटा बेंगालेन्सिस म्हणतात. तोंड उघडं आणि स्वच्छ असलं तर हरणउंदीर, ज्याच्या लांब शेपटीच्या टोकाला झुपका असतो. घुशीच्या बिळाला एक-दोन पळवाटा असतात, त्या मातीच्या पातळ थराने झाकलेल्या, वरून कळत नाहीत. नातू पायाने चाचपत चालला आणि माती दबली तिथे दगड ठेवत गेला. मग एका तोंडाशी फुटक्या मडक्यात काडीकचरा पेटवून धूर आत फुंकला आणि दुसऱ्या तोंडाशी काठी घेऊन दोघं बसले.

खणता खणता कोठार लागलं. गव्हाच्या ओंब्या, देठाशी कुरतडून, एका दिशेला तोंडं करून रचलेल्या. माणसाने रचाव्यात तशा. आबाच्या मुलाने त्या धोतराच्या सोग्यात भरल्या. १९७२ च्या दुष्काळात आमच्या भागातल्या किती घरांनी अशा बिळांतल्या दाण्यांवर दिवस काढले, हे जुनी माणसं अजून सांगतात. त्या दिवशी मिळालेल्या ओंब्या झोडल्यावर दोन शेर तरी गहू निघाला असेल.

तेवढ्यात एका बिळातून एक मोठा उंदीर स्वतःहूनच बाहेर आला. पळेना. तोंडाजवळच रेंगाळत बसला. नातू काठी घेऊन धावला, तसा आबा ओरडला, "हाऊ मंद शे, याले हात लावू नको!" आणि त्याने तो फावड्याने उचलून लांब खड्ड्यात पुरला. मी विचारलं तर म्हणाला, जो पळत नाही तो खायचा नाही, आणि जो आपोआप मेला तो शिवायचाही नाही. मग शेतमालकाला हाक मारून त्याने विचारलं, इकडे काही टाकलंय का? मालकाने आठवून सांगितलं, हो, पाच-सहा दिवसांपूर्वी त्या कोपऱ्यात विषाच्या वड्या ठेवल्या होत्या. आबाने तो अख्खा बांध सोडून दिला. धरलेले तीन उंदीरही फेकले.

भाऊ, सगळी मेख इथे आहे. उंदराचं मांस मुळात घाण नसतं. बांधावरचा उंदीर गहू, भुईमूग, ऊस, मका खाऊन वाढतो, आणि भिल्ल-पावरा घरांत गटारातला, घरातला उंदीर कोणी खात नाही. विष आपण त्याच्या पोटात घालतो. पूर्वी आबाला फक्त आजारी उंदीर ओळखायचा होता. आता त्याला आपलं औषधाचं कपाटही ओळखावं लागतं, आणि ते आपण त्याला सांगत नाही.

दोन्ही विषांची जात वेगळी आहे, तेवढं समजून घ्या. झिंक फॉस्फाईड म्हणजे ती करडी-काळी पूड, तेलात मळलेल्या भरड्यातून देतो ती. उंदराच्या पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की तिचा विषारी वायू होतो आणि उंदीर काही तासांत मरतो. न विरघळलेली पूड मुख्यतः आतड्यात राहते. म्हणून आतडं न काढता भाजलेला उंदीर जास्त धोक्याचा. यावर उतारा नाही, हे ध्यानात ठेवा. ब्रोमॅडिओलोनच्या रंगीत मेणवड्या त्याहून फसव्या. त्या खाल्लेला उंदीर तीन ते सात दिवस हिंडत असतो, सुरुवातीला चांगला टुणटुणीत दिसतो आणि विष त्याच्या कलेजीत साठतं. शिजवून, भाजून ते जात नाही. आबाची "मंद" ओळखायची कसोटीही पहिल्या दोन दिवसांत इथे चालत नाही. म्हणून ज्या शेतात वड्या पडल्या, त्या शेतातला उंदीर त्या हंगामात खायचा नाही. यात मी कुणाचं ऐकणार नाही.

आता त्यांची भाजायची रीत बघा. उंदीर मेला की लगेच जाळावर धरून केस जाळतात, विळ्याने खरवडतात, शेपूट आणि पंजे तोडतात, पोट फाडून सगळं काढून टाकतात. मग पुन्हा निखाऱ्यावर, किंवा लसूण-मिरची-मीठ लावून तव्यावर. केस आधी जाळण्यात मोठं शहाणपण आहे. उंदराच्या अंगावरच्या पिसवा आणि बारीक गोचिड्या तिथेच मरतात. प्लेग पिसवांनी पसरतो, आणि उंदीर मेला, अंग गार पडलं की पिसू दुसरं गरम अंग शोधते. "आपोआप मेलेला शिवायचा नाही" हा नियम कुठून आला असेल, हे त्यावरून कळतं. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग झाला तेव्हा उधना-लिंबायतमधली आपली किती माणसं तापी लाइनच्या गाड्यांनी नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरला उतरली, ते आमच्या पिढीने पाहिलंय. दवाखान्यांपुढे टेट्रासायक्लिनसाठी रांगा होत्या. तेव्हा गुरांच्या दवाखान्यात येऊन लोक मला विचारायचे, "डॉक्टरसाहेब, उंदराचं काही औषध आहे का?" नेमकं कोणतं हवंय, मारायचं की वाचायचं, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

एक उणीव मात्र त्यांच्या रीतीत आहेच. सोलण्याचं काम बहुतेकदा बाया आणि पोरं करतात, उघड्या हातांनी. हाताला ज्वारीच्या पाचटाने कापलेलं असतं. साधे रबरी हातमोजे आणि नंतर साबण, एवढं केलं तरी जोखीम बरीच उतरते. तुम्ही पंपाबरोबर फवारणीचे हातमोजे घेता ना? एक नवीन जोडी सालदाराच्या घरात द्या. वापरलेली जोडी अजिबात नको.

बंद करायला सांगावं का? माझं मत: नाही. सांगितलंत तर ते खाणं थांबणार नाही, फक्त तुमच्या नजरेआड जाईल. नजरेआड गेलं की "इकडे काही टाकलंय का" हा प्रश्न तुम्हाला विचारायला कोणी येणार नाही. गावात उंदीर खाणाऱ्याला जे टोमणे बसतात ते मी ऐकले आहेत, आणि टोमणे मारणाऱ्यांतले निम्मे शनिवार-रविवारी नदीकाठी कुणाच्या तरी शेतात रानडुकराच्या मटणाला गेलेलेही पाहिले आहेत. बिहारचे माजी मुख्यमंत्री जीतन राम मांझी मुसहर समाजाचे. आपण उंदीर खाल्ला आहे, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं. तमिळनाडूत इरुळा लोक भातशेतीतले उंदीर पिढ्यान् पिढ्या धरत आले. व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या खोऱ्यात भात कापला की उंदराचं मांस बाजारात येतं. तुमच्या सालदाराने जगावेगळं काही केलेलं नाही.

आता "उद्याचं अन्न". संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली खाण्याजोग्या किड्यांवर मोठा अहवाल काढला. जगभरात १९०० च्या वर जातींचे किडे माणसं खातात, असं त्यात आहे. किलोभर वजन वाढायला रातकिड्याला (इंग्रजीत क्रिकेट) साधारण दोन किलो खाद्य पुरतं, गोमांसाला त्याच्या कितीतरी पट लागतं, असाही हिशेब आहे. ही मंडळी बोलतात ती बंद खोलीत, ठरलेल्या खाद्यावर पाळलेल्या किड्यांबद्दल. मोबाईलवरचे व्हिडिओ ते उचलतात आणि थेट आपल्या कपाशीच्या शेतातल्या नाकतोड्याला लावतात. कपाशीवर हंगामात किती फवारण्या होतात, हे मी तुम्हाला काय सांगायचं? तिथला नाकतोडा कोंबडीलाही घालू नये. मे २०२० मध्ये विदर्भात टोळधाड आली, तेव्हाही "धरा आणि तळा" असे संदेश फिरत होते, आणि तिकडे झाडांवर औषध मारणं चालू होतं.

डोंगरात गोष्ट वेगळी. जूनचा पहिला जोराचा पाऊस पडला की धडगावकडे संध्याकाळी उधईला, म्हणजे वाळवीला पंख फुटून ती वारुळातून धुरासारखी वर येते. एका पाड्यावर मी पाहिलं: दिव्याखाली पाण्याची परात, त्यात पडलेली उधई गाळून तव्यावर कोरडी भाजायची, मग सुपात पाखडून पंख उडवायचे, वर मीठ. चव सांगू? भाजलेल्या कोवळ्या शेंगदाण्यासारखी, जराशी लोण्याकडे झुकणारी. तेलकट असते, कारण उडण्याआधी तिच्या अंगात चरबी भरलेली असते. जूनमध्ये जुनं धान्य संपत आलेलं असतं आणि नवं पेरलेलंही नसतं. अशा आठवड्यात ही चरबी पोरांच्या पोटात जाणं म्हणजे काय, हे कुपोषणाच्या बैठकींत बसलेल्या माणसाने समजून घ्यावं. मी बसलोय अशा बैठकींत. तिथे बिस्किटांवर तासभर बोलणं झालं, उधईचा विषय कुणी काढला नाही. मीही काढला नाही, हे कबूल करतो.

पण तीच उधई तुमच्या बांधावरच्या वारुळातली असेल तर? तिथे कोणी वाळवी मारायचं क्लोरपायरीफॉस ओतलंय का, हा प्रश्न पुन्हा पहिला. आणि ज्याला सुकट किंवा खेकडा खाल्ल्यावर अंगावर गांध्या येतात, त्याने कोणताच किडा चाखू नये. दोघांच्या अंगातलं ॲलर्जी आणणारं द्रव्य एकाच जातीचं असतं.

लाल मुंग्यांची चटणी आपल्याकडे फारशी नाही, ती बस्तर-ओडिशाकडची. मयूरभंजच्या मुंग्यांच्या चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. रानमधाच्या पोळ्यातल्या अळ्या मात्र सातपुड्यात आवडीने खातात. त्याबद्दल माझी तक्रार एवढीच, की अळ्यांसाठी अख्खं पोळं उतरवलं की पुढच्या वर्षी त्या कड्यावर मध राहत नाही. हे तिथले जुने मधवाले माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. ते पोळ्याचा मधाकडचा भाग कापतात आणि बाकीचं ठेवतात.

घोरपड आणि ससा यावर मी मऊ बोलणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही घोरपड पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला आहे. तिच्या शिकारीला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, वर किमान २५ हजार दंड. ससाही संरक्षित आहे. "आमचा परंपरेचा हक्क" हे बोलणं इथे चालत नाही, कारण २००६ च्या वनहक्क कायद्याने मध, मेण, डिंक, मासे यांचे हक्क दिले, पण शिकारीचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. शेतातला साधा उंदीर संरक्षित यादीत नाही. सालदाराला हा फरक तुम्हीच समजावून सांगा, कारण पकडला गेला तर वकील करायची ऐपत त्याची नाही. आणि शिकार तुमच्या शेतात सापडली तर वनखात्याचा माणूस आधी तुमच्याच दारात येईल.

कायदा सोडा, हिशेबानेही ते जमत नाही. उंदरीण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं, वर्षात अनेकदा. तुम्ही कितीही खा, संपत नाही. घोरपड वर्षाकाठी एकदा अंडी घालते, आणि पिल्लू मोठं व्हायला वर्षं जातात. एका बांधावरची घोरपड गेली की पुढची बरीच वर्षं तिथे दिसत नाही. शिवाय ती उंदीर आणि त्यांची पिल्लं खाते. म्हणजे तुमचाच गहू राखते.

रानडुकराबद्दल एकच आठवण. शिरपूरला असताना एक गाय आणली होती, खालचा जबडा उडालेला, जीभ लोंबत होती, डोळे मात्र उघडे. कुणीतरी डुकरासाठी कणकेत गावठी बॉम्ब गुंडाळून नाल्यात ठेवला होता, गायीने तो चावला. ती वाचण्यासारखी नव्हती. मालकाने मान फिरवली आणि मला म्हणाला, तुम्हीच करा. ते मटण कुणी खाल्लं हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तेव्हापासून कुणी रानडुकराची चव सांगायला लागला की मी उठून जातो.

आता तुमच्या शेताचं. उंदीर मारायचे आहेतच, तर आबासारख्या माणसांना कामाला लावा. एप्रिल-मेमध्ये, शिवार मोकळं असताना उंदीर थोडे असतात आणि बांधांवर गोळा झालेले असतात. त्या दिवसांत एक जोडी मारली तर पावसाळ्यात पन्नास वाढत नाहीत. चार माणसांना दोन दिवसांची रोजची मजुरी द्या. उंदीर आणि कोठारातले दाणे त्यांचे. हे चालू असेल तोवर विष बंद. बांध रुंद असतील तर थोडे उतरवा, रुंद बांधात घुशीला घर करायला सोपं जातं. शेजाऱ्याला मात्र विचारा, कारण उंदराला गट नंबर कळत नाही. त्याने पलीकडे वड्या ठेवल्या असतील तर त्या बाजूचा बांध सोडून द्यायचा.

विष टाकायचीच वेळ आली, तर टाकण्याआधी सालदाराच्या बायकोला सांगा. नवऱ्याला सांगितलेलं चुलीपर्यंत पोचेलच असं नाही. कोपऱ्यावर लाल कापड बांधा, तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवं साल ठरवताना हे बोलून घ्या, तेव्हा दोघंही शांत असता.

किडे वाया जाऊ नयेत असं वाटत असेल, तर पिकाची मुळं खाणारी हुमणी आहे. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी तिचे भुंगेरे बांधावरच्या निंब-बाभळीवर येतात. फवारणी नसलेल्या झाडाखाली जुनी साडी अंथरून फांद्या हलवा आणि पडतील ते बादलीत गोळा करून सकाळी कोंबड्यांपुढे टाका. आसामात माजुली बेटावर या जातीचे भुंगेरे माणसं खातात, तिथल्या कृषी विद्यापीठानेच त्याला उत्तेजन दिलं. आपल्याकडे कोंबडीमार्गे खाल्लेलं बरं. अंड्याला कुणी नाक मुरडत नाही, आणि भुईमुगाची, उसाची मुळंही वाचतात.

मुलाला उंदीर आवडला का, ते तुम्ही लिहिलं नाहीत.